डाव्या खांद्याची रायफल : एका स्टॉकचं प्रकरण

माझ्या कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर गेल्या श्रावणापासून एक शिसवी स्टॉक, म्हणजे रायफलचा धरायचा लाकडी भाग, टांगलेला आहे. मी आजवर केलेल्या स्टॉकमध्ये दिसायला सगळ्यात देखणा. काळपट तपकिरी रेषा बटपासून (खांद्याला टेकणारं टोक) ग्रिपपर्यंत (मुठीत धरायचा भाग) अशा उतरतात की येणारा जाणारा हात फिरवल्याशिवाय राहत नाही. या स्टॉकपायी एका सोळा वर्षांच्या मुलीचे पाच महिने वाया गेले, आणि त्यातले काही आठवडे चूक तिचीच आहे असं मी धरून चाललो होतो. काय झालं ते नीट लिहून ठेवतो. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात, सुतारकाम जाणणारे तरुणही येतात, आणि दोघांचे प्रश्न फिरून याच ठिकाणी येतात.

आधी कामाबद्दल थोडं. स्टॉक म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत दस्ता. माझे वडील सावंतवाडीकडचे सुतार. मुंबईत येऊन एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये लागले. ओतकामासाठी लाकडाचे साचे करायचे, तेही अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. पुढे फोर्टातल्या एका परवानाधारक बंदूक दुकानाच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं दस्ते दुरुस्त केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, पण घराघरांतल्या जुन्या शिकारी रायफली उरल्या होत्या. कुणाचा दस्ता मानेत तडकलेला, कुणाचा तेल पिऊन मऊ पडलेला. त्या दुरुस्त करतानाच कळलं की पूर्वीचा कारागीर रायफल गिऱ्हाइकाच्या अंगावर शिवायचा, शिंपी कोट शिवतो तशी.

परदेशात याच्या रीतसर शाळा आहेत. ऑस्ट्रियातल्या फेरलाखला १८७८ पासून, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडला १९४७ पासून. तिथला विद्यार्थी आधी कानस धरायला शिकतो, आणि पुढे तयार अ‍ॅक्शन (गोळी भरून उडवायचं यंत्र) घेऊन, नळी बसवून, अक्रोडाच्या ठोकळ्यातून दस्ता कोरून एक पूर्ण शिकारी रायफल बांधतो. तरुण मुलं मला विचारतात, काका, आपल्याकडे का नाही करायचं असं? त्यांना एकच उत्तर देतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला, दुरुस्त करायला, तिच्यात बदल करायला परवाना लागतो. घरी हौस म्हणून करायची ही गोष्ट नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला मात्र परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची १० मीटर एअर रायफल यात सहज बसते. दुकान सोडल्यापासून मी फक्त तिचंच काम करतो, तेही लाकडाचंच. यंत्राला हात लावत नाही.

मुलगी गेल्या वर्षी जानेवारीत आली. राहणारी परळची, वडील बेस्टच्या डेपोत मेकॅनिक. कीर्ती कॉलेजच्या एनसीसीत रायफल हातात घेतलेल्या अंजली भागवत २००२ साली जागतिक क्रमवारीत पहिल्या आल्या, ही गोष्ट मुंबईत अजून घराघरांत सांगितली जाते. या मुलीचाही प्रवास एनसीसीतूनच सुरू झालेला. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ४७ किलो, पूर्ण डावखुरी. दोन्ही हातांच्या बोटांनी छोटी खिडकी करून तिला लांबचा बल्ब बघायला लावला, तर डोळाही डावाच पुढे येत होता. म्हणजे हात आणि डोळा यांचं भांडण नव्हतं. असतं तर प्रकरण वेगळं झालं असतं. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून तिच्यासाठी जुनी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, घेतली होती. यंत्र उत्तम, पण स्टॉक उजव्या हाताच्या, सहा फुटी माणसाचा. ती त्या रायफलला कशीबशी लटकायची. तरी ६० गोळ्यांत ५९१ च्या आसपास करायची. माझ्या मते हे फार मोठं होतं.

इथे आकडे समजून घेतले पाहिजेत, त्याशिवाय पुढची चूक कळणार नाही. १० मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा. मधोमध लागलं तर १०.९, ६० गोळ्यांना जास्तीत जास्त ६५४. डोळ्याजवळची साइट (नेम धरायचं साधन) आणि नळीच्या टोकाची साइट यांत साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर त्या दोघींच्या रेषेत एका मिलिमीटरचा पंचविसावा भाग फरक पडला की तिकडे लक्ष्यावर अर्धा मिलिमीटर हलतो. गाल चीकपीसवर, म्हणजे स्टॉकच्या गाल टेकायच्या भागावर, दर वेळी त्याच जागी टेकला नाही, तर साधणाऱ्याने कितीही जीव लावला तरी व्यर्थ.

उभ्याने मारताना रायफल स्नायूंनी पेलायची नसते, हाडांवर ठेवायची असते. डावखुऱ्या नेमबाजाचा उजवा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो, त्या हाताच्या पंजावर रायफल बसते, पाठ थोडी मागे झुकते आणि डोकं सरळ राहतं. डोकं सरळ राहणं सगळ्यात महत्त्वाचं. मान वाकली की तोल जातो, आणि पाऊण तासाने डोळाही दमतो. स्पर्धा सव्वा तासाची असते.

मी मापं घेतली. बटपासून ट्रिगरपर्यंतची लांबी, गालाची उंची, ग्रिपचा कोन, बट खांद्याकडे किती वळवायची ते. फेब्रुवारीत रे रोडच्या लाकडी बंदरवरून शिसवीचा ठोकळा आणला. वखारवाला म्हणाला सुकलेला आहे, आणि लाकडाच्या रेषांवर माझा जीव जडलेला होता. ओलावा मोजायचं यंत्र घरी असूनही ते मी लावलं नाही. महिनाभर काम केलं. यंत्र लाकडात बसवायची जुनी पद्धत अशी : धातूला दिव्याची काजळी धरायची, लाकडावर हलकेच टेकवायचं, जिथे काळं उमटेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा टेकवायचं. शेदोनशे वेळा. शेवटी सगळीकडे सारखं काळं उमटतं. मग पाणी मारून तंतू उभे करायचे, घासायचे, आणि जवसाचं तेल हाताने मुरवायचं.

मार्चमध्ये रायफल तिच्या हातात दिली. बाप लेक दोघं खूश. मी तर होतोच.

पहिल्या आठवड्यातच तक्रार आली : रायफल लांब वाटतेय. माझी पहिली चूक लगेच सापडली. तिची मापं मी साध्या टी शर्टवर घेतली होती. नेमबाजीचं जॅकेट जाड कॅनव्हासचं, खांद्यावर आणखी थर. ते घातल्यावर रायफल पुढे सरकते. शिवाय मापं घेताना रायफल मी तिच्या खांद्याला लावली होती, तिने स्वतः उचलून लावलेली नव्हती. मी लावली की ती आज्ञाधारकपणे मान तिकडे न्यायची. बटमधून १८ मिलिमीटर कापले, चीकपीस उतरवला. वजनही जास्त होतं. रायफल एकूण ५.२ किलो भरत होती. नियम साडेपाच किलोपर्यंत परवानगी देतो, पण ४७ किलोच्या मुलीने ती मर्यादा गाठायचं काही कारण नव्हतं. शिसवी घनमीटरला साधारण साडेआठशे किलो, सागवान साडेसहाशेच्या आसपास. हा हिशेब मला तोंडपाठ होता, आणि तरी मी रंगाला भुललो.

कापल्यावर एप्रिल मे बरे गेले. मग जून आला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिच्या गोळ्या उभ्या रेषेत पसरायला लागल्या. कधी वर, कधी खाली. सकाळी साइट जुळवावी तर दुपारी बदललेली. ५८२ वर आली. तिचे कोच म्हणाले, अकरावीचं वर्ष आहे, ताण असेल. मी स्टॉक पाहिला. लांबी बरोबर, गाल बरोबर, आणि मीही तेच म्हटलं. इतकंच नाही, तिला बसवून समजावलं की ट्रिगर दाबताना श्वास सुटतोय, लक्ष दुसरीकडे आहे. ती मान खाली घालून ऐकत होती. निघताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "काका, माझं लक्ष असतं. बाबांना नाही असं नका सांगू."

ते वाक्य मला रात्री झोपू देईना. वडिलांची शिकवण होती : ओतकाम बिघडलं तर ओतणाऱ्यावर ओरडायच्या आधी साचा तपासायचा. मी साचा तपासलाच नव्हता.

दोन दिवसांनी कोचसरांना विनंती करून, सगळी मुलं गेल्यावर, रेंजवर त्यांच्यासमोर चाचणी केली. चामड्याच्या गाद्या लावून रायफल स्टॉकने शिकंजात पकडली, माणसाचा हात नाही, गाल नाही. दहा छर्रे मारले. मे महिन्यात अशीच चाचणी घेतली असती तर एकच भोक पडलं असतं असं मानतो. या वेळी दहा छर्रे उभ्या फटीसारखे लागले, वर खाली जवळपास दीड छर्‍याइतके. मग स्टॉक काढला आणि नुसतं यंत्र शिकंजात धरून दहा मारले. एक गोल भोक. कडासुद्धा फाटल्या नव्हत्या.

सर काही बोलले नाहीत. मी ओलाव्याचं यंत्र काढून स्टॉकच्या आतल्या बाजूला लावलं : १७ टक्के.

कारण समजायला सोपं आहे. लाकूड पाणी ओढलं की फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. तंतूंच्या लांबीत जवळजवळ काहीच नाही, आडवं मात्र चांगलंच. रायफलचं यंत्र लाकडात दोन स्क्रूंनी आवळलेलं असतं आणि ते स्क्रू लाकडाच्या आडव्या जाडीतून जातात. लाकूड फुगलं की पकड घट्ट होते, तंतू चेपतात. सुकलं की चेपलेले तंतू परत वर येत नाहीत आणि पकड ढिली पडते. मुलगी परळच्या खोलीतून, पावसाळी हवेतून एसी रेंजमध्ये यायची, तीन तासांनी परत त्याच हवेत जायची. रायफल रोज एकदा फुगत होती आणि एकदा आवळत होती. त्यात माझा ठोकळा मुळातच पुरता सुकलेला नव्हता. शिकारीच्या जुन्या रायफलींना हा रोग व्हायचाच, पण तिथे पन्नास पावलांवर सांबर असायचं. दोन बोटांचा फरक कुणाच्या लक्षात यायचा नाही. इथे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि आईवडिलांसमोर मुलीची माफी मागितली. आई म्हणाली, "अहो दादा, असं काय करता, चहा घ्या." मुलगी आतल्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी निघालो तेव्हा चपला पुढे करून ठेवल्या होत्या तिने.

नवा स्टॉक करायचा ठरला, माझ्या खर्चाने. या वेळी आधी लाकडाला हातच लावला नाही. प्लायवूडचा एक चाचणीचा सांगाडा केला : बट, चीकपीस, ग्रिप सगळं खाचांमध्ये सरकणारं, विंग नटने आवळायचं. विलायतेतले बंदूकवाले गिऱ्हाइकाची मापं घ्यायला अशीच सरकती बंदूक वापरायचे. पूर्ण जॅकेट, बूट, हातमोजा घालून ती उभी राहायची. डोळे मिटून रायफल स्वतः उचलायची, डोकं जिथे आपसूक स्थिरावेल तिथे ठेवायचं, दोन श्वास, मग डोळे उघडायचे. डोळा साइटच्या भोकामागे आला नाही तर डोकं हलवायचं नाही, चीकपीस हलवायचा. रोज वीस मिनिटं, अकरा दिवस. लांबी ३१८ मिलिमीटरवर आली. माझं पहिलं माप ३४५ होतं. कोपर हाडावर टेकावा म्हणून पुढच्या भागाखाली उंचवटा लागला, तो किती खाली जाऊ शकतो याचा नियम बघून केला. अंगठ्यासाठी आरपार भोक ठेवायची माझी जुनी आवड होती. १० मीटरच्या रायफलला ते चालत नाही, तेव्हा तो विषय नव्हता.

ग्रिपचं कोडं सुटेना. हाताची बोटं मोजून ग्रिप होत नाही. हात ज्या कोनात, ज्या जोराने रायफल धरतो तो आकार हवा. त्या दिवसांत लालबागमध्ये गणपतीचे कारखाने जोरात सुरू होते. एका ओळखीच्या मूर्तिकाराकडे मूठभर शाडू मागितली. म्हणाला, "एवढ्यात तर उंदीरसुद्धा होणार नाही, काय करताय?" सांगितल्यावर त्याने शाडू स्वतः मळून दिली, सैल नको, घट्ट नको, अशी. सांगाड्याच्या ग्रिपवर ती थापली आणि मुलीला तिच्या पूर्ण पोझिशनमध्ये उभं केलं. पाच मिनिटं. बोटं मातीत आपोआप आपली जागा करत गेली. करंगळीची जागा माझ्या अंदाजापेक्षा आठ मिलिमीटर पुढे निघाली, आणि तळव्याखाली फुगीर भाग लागेल असं मला वाटत होतं तिथे खोलगट भाग आला. शाडू सुकली की आकसते, म्हणून ओली असतानाच प्लास्टरचा दोन भागांचा साचा काढला, त्यातून प्लास्टरची ग्रिप, आणि तिच्यावरून पत्र्याचे नऊ फर्मे कापले. हे माझं घरचंच काम. वडिलांचा हात आठवत केलं.

लाकूड सागवानच घ्यायचं ठरवलं, आणि तेही जुनं. गिरगावातली एक चाळ पाडली होती, तिच्या तुळईचा तुकडा जुन्या लाकडाच्या वखारीत मिळाला. शिकारी रायफलला मी साग सुचवणार नाही. जोराचा धक्का बसला तर तो तंतूंच्या रेषेत फाटू शकतो. अक्रोड धक्का खातो, म्हणून तिथे अक्रोडच. एअर रायफलला धक्का नावापुरता. इथे हवं ते लाकडाचं निश्चल राहणं, आणि त्यात सागासारखा साग. ऐन जुलैत त्या तुळईने ओलाव्याच्या यंत्रावर १३ टक्के दाखवले. सागात वाळूसारखा सिलिका असतो, हत्यारांची धार लवकर जाते; शिवाय आत एक हातोडीने ठोकलेला जुना खिळा निघाला आणि रंध्याचं पातं गेलं. करवत फिरली तेव्हा सगळ्या वर्कशॉपमध्ये जुन्या सागाचा वास भरून राहिला.

दोन्ही स्क्रूंच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, म्हणजे यंत्र आणि खालची पट्टी यांच्यातलं अंतर धातू ठरवेल, लाकूड नाही. नळ्या चिकटवण्याआधी भोकं थिनरने दोनदा पुसली, कारण सागातलं तेल अ‍ॅडेसिव्हला धरू देत नाही. आतल्या खाचांनाही बाहेरइतकंच तेल मुरवलं. शिसवीच्या वेळी मी आत हात आखडला होता. आत कोण बघणार असं तेव्हा वाटलं होतं. पाणी आतूनच शिरलं.

रायफल आता ४.६ किलो भरली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, भर पावसात, पुन्हा शिकंजातली चाचणी. स्टॉकसकट दहा छर्रे, एक भोक. मग रायफल मी मुद्दाम दोन रात्री त्यांच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवायला सांगितली आणि तिसऱ्या दिवशी परत मारली. भोक त्याच जागी. त्यानंतरच मुलीला रायफलला हात लावू दिला.

तिने पहिली मालिका मारली आणि स्कोअरकडे न बघता म्हणाली, "काका, मान दुखत नाहीये." ऑक्टोबरच्या स्पर्धेत ६०३. यातलं सगळं श्रेय स्टॉकचं नाही. त्या तीन महिन्यांत ती पहाटे साडेपाचला उठून बिनछर्‍याचा सराव करत होती, आणि कोचसरांनी तिच्या श्वासाच्या लयीवर खूप मेहनत घेतली. पण ५८२ चं अपश्रेय मात्र पुरतं माझ्या शिसवीचं होतं, हे मी तिच्या वडिलांना लिहून दिलं आहे. निवड समितीपुढे जुने स्कोअर निघाले तर दाखवायला.

त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक रायफलचे पहिले दहा छर्रे शिकंजातून जातात, तेही दोनदा : एकदा कोरड्या महिन्यात, एकदा पावसाळ्यात. एप्रिलमध्ये मापं घेऊन मे मध्ये स्टॉक हवा म्हणणाऱ्या पालकांना मी ऑगस्टपर्यंत थांबवतो. काही रागावून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

मुलगी आता सतराची आहे. मार्चपासून दोन सेंटिमीटर वाढली, म्हणून बटमागे तीन तीन मिलिमीटरच्या दोन चकत्या घातल्या. आणखी चार डब्यात तयार आहेत. ग्रिप मात्र करंगळीशी आवळायला लागली आहे. हात मोठा झालाय. नवी ग्रिप लागणार, तेव्हा या वेळी शाडू आषाढ लागायच्या आत मागून ठेवली पाहिजे. नंतर लालबागच्या कारखान्यांत कुणाला मान वर करायलाही सवड नसते.